आज्ज्याचा धोटा सापडला आहे, त्यावर एक घोंगडी विणायची आहे

माणगंगा

नमस्कार मंडळी. मी सांगलीत राहते, माहेर माण तालुक्यातल्या म्हसवडचं. आम्ही सणगर. घोंगडी विणणं हा आमच्या घराचा पिढ्यान्‌पिढ्यांचा धंदा, पण माझ्या पिढीतल्या कुणी मागावर हात ठेवलेला नाही.

घटस्थापनेआधी जुनं घर झाडायला गेले होते. माळ्यावर एका पोत्यात आज्ज्याचा धोटा सापडला, मागावर आडवं सूत इकडून तिकडे नेतो तो. तेल आणि लोकरीचं मेण पिऊन लाकूड काळं कुळकुळीत झालंय, आणि अंगठा टेकतो तिथे खळगा पडलाय. माझा अंगठा त्यात बसला नाही, आज्ज्याचा हात मोठा होता. सोबत सूत कातायच्या दोन चात्या, दात पडलेली एक फणी आणि एक अर्धी कुरतडलेली घोंगडी होती. घोंगडी काळी, पण दोन्ही टोकांना पांढऱ्या रेघा आहेत. दोन जाड आणि त्यांच्या मधोमध एक बारीक.

आत्याला दाखवली. तिचं वय ७८. तिने रेघेवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "ही आपल्या घरची रेघ. बाजारात पन्नास घोंगड्यांत टाकली तरी आबांची कुठली ते सांगता यायचं."

मला याच रेघेची एक घोंगडी स्वतःच्या हाताने विणायची आहे. वडिलांना विचारलं तर ते उठून बाहेर गेले. घरातला मागाचा खड्डा १९८७ मध्ये त्यांनीच मुरूम टाकून बुजवला, वर शहाबादी फरशी बसवली. त्या विषयावर ते बोलत नाहीत.

तर ज्यांना यातलं काही येतं, ज्यांनी घरी पाहिलंय, त्यांनी लिहा. लोकर कुठून घ्यावी, सूत कोण कातून देईल, शिकायचं कुणाकडे? सगळंच विचारतेय.

कृष्णाकाठचा

ताई, वाचून बरं वाटलं. धोटा आणि घोंगडी काचेच्या चौकटीत बसवून दिवाणखान्यात लावा असं सुचवतो. आमच्याकडे आजीचं जातं आम्ही तसंच ठेवलंय, येणारा प्रत्येक जण विचारतो.

माणगंगा

दादा, तुमच्या आजीच्या जात्याबद्दल आदरच आहे. पण या धोट्याला भिंतीवर टांगायचं माझं मन होत नाही. आज्ज्याने त्याला कधी देव्हाऱ्यात ठेवलं नव्हतं. दसऱ्याला हळदकुंकू वाहायचा आणि दुसऱ्या दिवशी परत हातात घ्यायचा. माझ्या आज्ज्याची आठवण त्या लाकडात जेवढी आहे त्याहून जास्त त्या लाकडाच्या येण्या-जाण्यात आहे असं मला वाटतं.

चिंचोका

माझं आजोळ माण तालुक्यातलंच. मागासमोर बसून लहानपण गेलं, म्हणून जे पाहिलं ते लिहितो.

पहिली गोष्ट, विणणं हा शेवटचा आणि त्यातल्या त्यात सोपा भाग. त्याआधीचं काम मोठं आहे. लोकर निवडायची, काटे-कुसळं काढायची, पिंजायची, मग चातीवर कातायची. हे बहुतेक बायका करत. बाप्ये मागावर बसत म्हणून नाव त्यांचं झालं, पण घोंगडी चांगली की वाईट हे सुतावरच ठरायचं. म्हणून आत्यांना आधी गाठा. त्यांना जे येतं ते दुसऱ्या कुणाला येत नसेल.

दुसरी गोष्ट, पांजणी, म्हणजे सुताला खळ देणं. आपल्या दख्खनी मेंढीची लोकर जाडीभरडी. मेरिनोचा केस साधारण वीस मायक्रॉनचा, आपला पन्नासच्या आसपास. त्याचं सूत कातलं की अंगभर केस ताठ उभे राहतात. ते तसंच मागावर चढवलं तर उभे धागे वर-खाली होताना एकमेकांत अडकतात आणि तुटतात. म्हणून ताण्याला, म्हणजे या उभ्या धाग्यांना, चिंचोक्याची खळ देतात. चिंचोके भाजायचे, टरफलं काढायची, भिजवायचे, बारीक वाटायचे आणि शिजवायचे. अंगणात ताणा लांबवर ओढून धरायचा आणि कुंच्याने ही खळ एकाच दिशेने चोळत जायची, केस बसेपर्यंत. उन्हाचाच दिवस लागतो. आभाळ आलं की काम थांबलं. म्हणून पावसाळ्यात माग रिकामा असायचा.

नव्या घोंगडीचा जो कडकपणा आणि आंबूस वास असतो तो या खळीचाच. वापरून वापरून ती मऊ होते. शहरातले लोक दुकानात हात लावतात, "टोचते" म्हणून ठेवून देतात. त्यांना कुणी सांगत नाही की पहिलं वर्ष तिला द्यावं लागतं.

विट्याचा

थोडं कडू लिहितो, राग मानू नये.

आम्ही देवांग कोष्टी. आजोबा हातमागावर लुगडी विणायचे, वडील यंत्रमागावर गेले. इचलकरंजीत पहिला यंत्रमाग १९०४ मध्ये आला, तिथून तो वारा आमच्या विट्यापर्यंत पोचला. वडिलांनी बारा-बारा तास चार-चार माग सांभाळले. त्या खडखडाटात त्यांचे कान गेले. आम्हा भावंडांना त्यांनी मागाच्या खोलीत पाऊल टाकू दिलं नाही. "शिका आणि यातून सुटा" एवढंच त्यांचं सांगणं होतं.

ताईंच्या वडिलांनी खड्डा बुजवला यात मला नवल वाटत नाही. वारसा हा शब्द ज्याचं पोट दुसऱ्या ठिकाणी भरतं त्याला गोड लागतो. १९८५ च्या कायद्याने हातमागासाठी काही कापड राखून ठेवलं, आजच्या अकरा प्रकारांच्या यादीत कांबळंही आहे. तरी गावोगावी काय विकलं जातं? पानिपतहून येणारी, जुन्या कपड्यांच्या चिंध्या पिंजून केलेली ब्लँकेटं. तीनशे रुपयांत मिळतात, हलकी असतात, रंगीत असतात. गरिबाने ती घेतली तर त्याला दोष कसा द्यायचा?

तुम्ही एक घोंगडी विणाल, फोटो टाकाल, आम्ही छान म्हणू. जो माणूस आजही मागावर बसून पोट भरतो त्याचं काय?

माणगंगा

राग नाही आला. वडील का उठून गेले ते तुमच्या लिहिण्यातून मला जास्त कळलं. तुमच्या प्रश्नाचं उत्तर आज माझ्याकडे नाही. मिळालं तर याच धाग्यावर लिहीन.

आटपाडीचा मेंढका

धागा भाच्यानं वाचून दाखवला, मी बोलतोय, तो टायपतोय.

ताई, लोकर पायजे तेवढी न्या. पैसं नकोत. आमच्याकडं वर्षातनं दोनदा कातरणी असती. एका मेंढीची एका टायमाला पाव किलोच्या आसपास लोकर निघती. आधी सणगर दारात येऊन लोकर न्यायचा, बदल्यात घोंगडं द्यायचा न्हायतर पैसं. आता कुणी येत न्हाई. कातरणाऱ्याला पैसं आम्ही पदरचं देतो आन लोकर बांधावर टाकतो. न कातरून चालत न्हाई, उन्हाळ्यात मेंढरं तळमळत्यात, गोचिड होत्यात.

आता सगळ्यांचा जीव मटणाच्या मेंढीवर. जतकडची माडग्याळ उंच, अंगानं भरती, भाव खाती, पण तिला लोकर नावालाच. काळ्या दख्खनी मेंढ्या कमी व्हायल्यात. मी ठेवल्यात कारण पावसात, चिखलात, लांबच्या चालीला तीच टिकती. दिवाळीनंतर वाडा, म्हंजी मेंढरं आन बिऱ्हाड, घेऊन आम्ही कृष्णाकाठाला उतरतो, रानात मेंढरं बसवतो. तवा घोंगडंच अंगावर असतं. पाऊस आला तर खोळ करून डोक्यावरनं घेतो. प्लास्टिकच्या कागदात घाम येतो, घोंगड्यात येत न्हाई.

आरेवाडीच्या बिरोबाला जातो तवा देवाम्होरं घोंगडंच अंथरावं लागतं. लग्नातबी तेच. ब्लँकेट चालत न्हाई. घोंगडं बंद पडलं तर आमी देवाला काय अंथरायचं?

येरळाकाठ

मेंढका काकांच्या माहितीला जोड देते. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने दख्खनी मेंढीत बंगालच्या सुंदरबनातल्या गारोळ मेंढीचा जुळी कोकरं देणारा गुण उतरवून 'नारी सुवर्णा' तयार केली. मेंढपाळाचं उत्पन्न वाढायला त्याचा उपयोग होतो. पण उत्पन्न म्हणजे कोकरू हे आता पक्कं झालंय. दूध, खत, लोकर, मांस असा पूर्वी मेंढीचा चौफेर हिशेब होता, त्यातली लोकर गळून पडली. घोंगडीचा प्रश्न मागावर सुरू होत नाही, कातरणीच्या ढिगावर सुरू होतो.

आणि ताई, उरलेली जुनी घोंगडी कसरीपासून, म्हणजे लोकर खाणाऱ्या किडीपासून, जपा. कडक उन्हात दिवसभर दोन्ही बाजूंनी वाळवा, झटका, कडुलिंबाचा सुका पाला घालून सुती कापडात बांधा. प्लास्टिकच्या पिशवीत ठेवू नका.

माणगंगा (दोन महिन्यांनंतर)

बरंच घडलं, सविस्तर लिहिते.

आटपाडीहून लोकर आणली. काकांनी पैसे घेतले नाहीत, भाच्याच्या हातात जबरदस्तीने ठेवून आले. काळी साडेतीन किलो आणि रेघांसाठी थोडी पांढरी. काटे, लेंड्या, माती काढून, धुऊन वाळवली तेव्हा काळी अडीच किलोच्या जवळपास उरली.

आत्याला विचारलं, "सूत किती जाड कातायचं?" तिला सांगता येईना. "असं" म्हणाली आणि हाताने दाखवत राहिली. मी मोबाईलवर टिपून घेत होते, माप विचारत होते, ती वैतागली. मग मी माळ्यावरची चाती तिच्या हातात दिली. तीस-बत्तीस वर्षांनी तिने चाती धरली असेल. आधी तिने तिला पदराने पुसलं, अणकुचीदार टोक बोटावर दाबून पाहिलं, आणि पिंजलेल्या लोकरीचा पेळू लावून फिरवली. पहिला धागा तुटला. दुसराही तुटला. तिसऱ्या वेळी डावा हात मागे जात राहिला, खांद्यापर्यंत, आणि सूत निघत राहिलं. एकसारखं. ती माझ्याकडे बघत बोलत होती, सुताकडे तिचं लक्षही नव्हतं. कुणाच्या लग्नात कोण रुसलं होतं ते सांगत होती.

तेव्हा मला कळलं की माझे प्रश्नच चुकीचे होते. ती मापात विचार करत नाही. चिमटीतून लोकर किती सुटते ते तिच्या बोटांना कळतं. मी वही ठेवून दिली आणि दुसरी चाती घेऊन तिच्या शेजारी बसले.

मला कातायला जेमतेम जमलं. माझं सूत गाठीगाठीचं झालं, ते आत्याने बाण्यासाठी बाजूला काढलं. "ताण्याला नको, तुटंल. आडवं खपतं." ताण्याचं सगळं सूत तिने आणि वहिनीने कातलं, पाच दिवसांत. मी हिशेब करून पाहिला. जुन्या घोंगडीत इंचाला ताण्याचे बारा धागे भरले. रुंदी अडीच हात म्हणजे ४५ इंच, तेव्हा ५४० धागे. लांबी सहा हात, वर बांधायला थोडं जास्त. ताणा-बाणा मिळून पावणेतीन किलोमीटर सूत होतं. म्हसवडपासून जवळपास तीन किलोमीटर चालत जा, तेवढं सूत एका घोंगडीत.

चिंचोका

आत्यांचा चाती पुसण्याचा प्रसंग दोनदा वाचला. माझी आजी अशीच पुसायची.

पांजणी कुठे केलीत?

माणगंगा

आमच्याच आळीत. तिथे एका आजोबांचा माग अजून चालू आहे. त्यांचं नाव लिहीत नाही, त्यांना आवडणार नाही. महिन्याला दोन-तीन घोंगड्या होतात, बहुतेक देवासाठी आणि लग्नासाठी मागणीवर. मी शिकायला येऊ का विचारलं तर म्हणाले, "आबाची नात हायस, ये. पर फोन बाहेर ठेव."

पांजणीला सकाळी सहाला सुरुवात केली. खळ आत्याने शिजवली. बोटावर घेऊन बोटं मिटायची-उघडायची, तार सुटली की झाली. ताणा अंगणात पसरला तेव्हा आळीतल्या तीन म्हाताऱ्या बायका न बोलावता आल्या आणि कुंचा मागून घेतला. त्यांतल्या एकीच्या घरी आता कपड्याचं दुकान आहे. तिच्या हाताचा जोर बघण्यासारखा होता. दुपारी वाळून ताणा तारेसारखा वाजायला लागला.

माणगंगा (आणखी तीन आठवड्यांनी)

उतरली मागावरून.

सवयीच्या माणसाला दोन दिवस लागतात, मला अकरा लागले. रजा टाकून आणि शनिवार-रविवार धरून. खड्ड्याच्या कडेला बसायचं, पाय आत. जमिनीला टेकून बसल्यावर ताण्याचा ओढा थेट कमरेत येतो. पाय दाबला की अर्धे धागे वर, अर्धे खाली, मधून धोटा सोडायचा, पलीकडे झेलायचा, फणीने ठोकायचं. पहिल्या दिवशी वीतभर झालं आणि आजोबांनी ते उसवायला लावलं. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी काही बोलले नाहीत, तंबाखू मळत बसले, तेव्हा समजलं की चालतंय.

धोटा आज्ज्याचाच वापरला. खळग्यात अंगठा बसत नाही, म्हणून मी तो थोडा पुढे धरते. लाकडाला तिथेही घासायला लागलंय.

सुरुवातीची रेघ घालताना आत्या शेजारी बसली होती. दोन जाड, मध्ये बारीक. जाड रेघेत पांढरे आठ धागे, बारकीत दोन. हे कुठे लिहिलेलं नव्हतं, आत्याने जुन्या घोंगडीवर मोजून दाखवलं. शेवटच्या टोकाला मात्र पांढरं सूत कमी पडलं आणि बारकी रेघ एकाच धाग्याची झाली. आजोबा म्हणाले राहू दे.

आता वडिलांचं. घोंगडी घडी घालून त्यांच्या खाटेवर ठेवली आणि मी काही न बोलता आत गेले. अर्ध्या तासाने बाहेर आले तर त्यांनी ती जमिनीवर पूर्ण उलगडली होती आणि कडेने गुडघ्यावर चालत तपासत होते. म्हणाले, "डावा काठ आत ओढलाय. धोटा डावीकडं झेलतीस तवा सूत ताणतीस. सैल सोडायचं, तिरपं, मग ठोकायचं." पंचेचाळीस इंच कुठे त्रेचाळीसवर आली होती ते त्यांनी मापाशिवाय दाखवलं. मग म्हणाले, "मलाबी आबा हेच बोलायचा."

मी विचारलं, खड्डा का बुजवला? ते म्हणाले, त्या वर्षी सहा घोंगड्या घेऊन बाजाराला गेलो आणि सहाही परत घेऊन आलो. आबांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी मुरूम आणला.

एवढंच बोलले. पण संध्याकाळी विळ्याच्या टोकाने फरशीची सांध टोकरताना दिसले. खड्डा नेमका कुठे, मागाचा डांब, म्हणजे खांब, कुठे पुरला होता, ते त्यांनी चुन्याने आखून ठेवलंय.

विट्याचा

ताई, सहा घोंगड्या परत घेऊन आलो हे वाक्य वाचून बराच वेळ पुढे वाचता आलं नाही. माझ्या वडिलांना कानात मोठ्याने वाचून दाखवलं. त्यांनी फक्त मान हलवली.

माझा प्रश्न मात्र अजून तोच आहे.

माणगंगा

हो, आणि आता त्यावर लिहिता येईल.

मी माझे अकरा दिवस धरत नाही. जाणत्या हातांचा हिशेब मांडते. लोकर निवडणं-धुणं-पिंजणं दोन बायकांचे दोन दिवस, कातणं दोघींचे पाच दिवस, पांजणीला चार जणी एक दिवस, विणायला एकाचे दोन दिवस. वीस रोज झाले. आमच्याकडे खुरपणीला बाईला तीनशे रुपये रोज मिळतो. कातणीची बाई खुरपणाऱ्या बाईपेक्षा कमी कौशल्याची नाही, तरी तेवढाच धरला तर सहा हजार. लोकरीचे आणि चिंचोक्याचे वेगळे.

आळीतले आजोबा घोंगडी कितीला देतात ते ऐकून मला मान खाली घालावी लागली. याच्या निम्म्यानेही नाही. म्हणजे कातणाऱ्या बायकांची मजुरी त्यात धरलेलीच नाही. ती कधीच धरली गेली नव्हती. आज्जीची, आत्याची. तुमचं म्हणणं इथे मला पटलं. आज्ज्याच्या नावाने एक घोंगडी विणली म्हणून मान राखला असं होत नाही, शेजारी जो विणतोय त्याच्याकडून आपण घासाघीस करून घेत असू तर.

म्हणून मी आणि माझ्या तीन मैत्रिणींनी आजोबांकडे चार घोंगड्या सांगितल्या आहेत, वरच्या हिशेबाने, आणि सूत कातणाऱ्या बायकांचे पैसे त्यांच्या हातात वेगळे. चारच आहेत, मला ठाऊक आहे. मार्गशीर्षात सिद्धनाथाच्या रथाला गाव भरतं, माहेरवाशिणी येतात. पुढच्या रथाला आमच्या ओट्यावर आत्या चाती घेऊन बसणार आहे, ज्या मुलींना शिकायचं त्यांच्यासाठी. शिकवायचेही पैसे घ्यायचे असं मी तिला पटवतेय, ती ऐकत नाही.

येरळाकाठ

माझ्यासाठी पाचवी सांगा. वडिलांच्या वर्षश्राद्धाला गावच्या देवळात द्यायची आहे. घाई नाही, पांजणीला ऊन मिळेल तेव्हा होऊ दे. 'भिजत घोंगडं' हा वाक्प्रचार आपण रेंगाळत ठेवलेल्या कामासाठी वापरतो, पण एकदा भिजलेली घोंगडी उचलून पाहिली की समजतं, ती वाळायला तिचा वेळ घेतेच.

चिंचोका

चिंचोके माझ्याकडून. आजोळच्या चिंचेचे पायलीभर पडून आहेत.

माणगंगा

पाठवा दादा, पण भाजू नका. आत्या म्हणते दुसऱ्याने भाजलेले करपतात.

मेंढका काका, पुढची कातरणी कधी? वडील म्हणतात पांढरी लोकर जास्त लागेल, या वेळी रेघ पुरी झाली पाहिजे. त्यांनी खड्ड्यातला मुरूम अर्धा उपसलाय.

आटपाडीचा मेंढका

कातरणी पंधरा दिसांत. पांढरी मेंढरं माझ्याकडं नऊ हायत, त्यांची लोकर येगळी बांधून ठिवतो, काळ्यात मिसळू देत न्हाई. मागल्या टायमाला तुमी भाच्याच्या हातात पैसं कोंबलं ते मला आवडलं न्हाई. आता सगळ्यांच्या रोजाचा हिशेब लावलाय तर लोकरीचाबी लावा. किलोला किती, ते आधी बोलू.